विचारा मोकळेपणाने : राणीच्या बागेत एक दिवस

मागच्या अंकात सुट्टीतल्या एका दिवसाच्या सहलींबद्दल विचारा म्हटलं होतं. पत्रं आली ती निम्म्याहून जास्त एकाच जागेबद्दल, भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. त्यामुळे यावेळचा सगळा कॉलम तिलाच दिलाय. मी वीसेक वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, दरवर्षी पोरांना घेऊन या बागेत जायचे, आणि अजूनही वर्षातून तीन-चार वेळा जाते, तेव्हा जे लिहितेय ते बघितलेलं, चाललेलं आहे.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मागच्या मे महिन्यात गेलो तर अर्धे प्राणी दिसलेच नाहीत, सगळे झोपलेले नाहीतर आत गेलेले, दुपारी दोनला मुलं उन्हाने रडकुंडीला आली आणि आम्ही चिडचिड करत परत आलो. यांनी तर परत नाव काढू नको म्हणून सांगितलंय. पण मुलगा रोज वाघ वाघ करतोय. नीट दिवस कसा आखायचा? (एक आई, डोंबिवली)

ताई, तुमचं पत्र वाचून मला माझीच एक फेरी आठवली. भाचीला घेऊन गेले होते, ती पाच वर्षांची, आणि आम्ही पोचलो साडेबाराला कारण सकाळी आवराआवरीत वेळ गेला. वाघ पाठ करून झोपलेला, अस्वल कुठे आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि पोरीचे गाल उन्हाने लालबुंद. ती रडली नाही पण परत येताना लोकलमध्ये हळूच म्हणाली, "मावशी, प्राण्यांना आपण आलेलं आवडलं नाही का?" ते माझ्या फार मनाला लागलं. चूक प्राण्यांची नव्हती आणि तिचीही नव्हती, वेळ चुकली होती.

वाघ-बिबट्या हे मुळात पहाटे आणि संध्याकाळी हालचाल करणारे प्राणी, भर दुपारी जंगलातसुद्धा ते सावलीत पडूनच असतात. म्हणून बाग उघडते तेव्हाच, साडेनऊच्या सुमाराला, गेटवर उभं राहायचं. हे एक जमलं की अर्धा दिवस जमला. बुधवारी बाग बंद असते, हे दरवेळी कुणीतरी विसरतं आणि पोरांना घेऊन गेटवरून परत येतं. रविवारी गर्दी इतकी असते की चार वर्षांच्या मुलीला माणसांचे पायच दिसतील, तेव्हा गुरुवार-शुक्रवार बघा.

डोंबिवलीहून फास्टने या असं सगळे सांगतील कारण भायखळ्याला फास्ट थांबते, पण सासूबाई आणि दोन पोरं घेऊन सकाळच्या फास्टमध्ये चढणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो पकडा, वीसेक मिनिटं जास्त लागतील पण बसून याल आणि आजींचे गुडघे बागेसाठी शिल्लक राहतील. भायखळ्याला पूर्वेला उतरायचं. स्टेशन जरा थांबून बघा बरं का, जुनी देखणी इमारत आहे, डागडुजी इतकी चांगली झालीय की 2022 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिथून बाग चालत दहा-बारा मिनिटं, पण आजींसाठी टॅक्सी करा, उगाच बचत करू नका. तिकिटाचं म्हणाल तर 2017 पासून आई-वडील आणि दोन लहान मुलं अशा चौघांचं मिळून 100 रुपये आहे, आजींचं वेगळं, निघायच्या आधी महापालिकेच्या वेबसाइटवर एकदा बघून घ्या.

आत गेलात की सरळ वाघाकडे. रस्त्यात हरणं दिसतील, मुलं थांबतील, थोडं थांबू द्या पण अडकू नका, हरणं दुपारीही दिसतात. वाघ, बिबट्या, तरस, अस्वल हे सगळं साडेअकराच्या आत. वाघाला आता मोठी काच आहे, गज नाहीत, आणि तो काचेजवळून चालत गेला तर त्याच्या पंजाचा आकार मुलाला स्वतःच्या हाताशी ताडून बघता येतो, हे पुस्तकात होत नाही. 2020 साली संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी इथे आणली, मधली कित्येक वर्षं या बागेत वाघच नव्हता. मग पक्ष्यांचा मोठा पिंजरा, ज्याच्या आतून आपण चालत जातो, पक्षी डोक्यावरून उडतात. चार वर्षांच्या मुलीला वाघापेक्षा हेच जास्त आवडेल असं माझं मत. आणि ऊन चढलं की पेंग्विन, कारण तिथे आत एसी आहे. रांग असते, पण बाहेर उन्हात फिरण्यापेक्षा ती परवडली.

साडेबाराला प्राणी बघणं बंद. हे माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं आहे, राहिले असतील पाच पिंजरे तर राहू देत. झाडाखाली बसा, डबा उघडा. पोळीभाजीचे रोल, दहीभात, काकडी, कोकम सरबत, एवढं पुरे. वेफर्सची पाकिटं आणि प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, कारण पुढे एका पत्रात लिहिलंय. आजींना तिथेच बसू दे, मुलांना अर्धा तास नुसतं पळू दे. मग दुपारी झाडं बघायची आणि शेजारचं भाऊ दाजी लाड म्युझियम, आत गार असतं आणि बसायला मिळतं. चारला घरी निघा. मिस्टरांना सांगा एक चान्स द्या.

प्रश्न : मी ठाण्याचा, बँकेतून निवृत्त. नातवाला घेऊन दरवर्षी जातो. तो झाडांकडे बोट दाखवून "आजोबा हे काय" विचारतो आणि मला वड, पिंपळ, नारळ याच्या पुढे काही येत नाही. बागेत खरंच बघण्यासारखी झाडं आहेत का, का ती नुसती सावलीला? (एक आजोबा, ठाणे)

आजोबा, तुमच्या पत्राने मला खरंच फार आनंद झाला कारण गेली कित्येक वर्षं मी हेच सांगत फिरतेय, की ही आधी बाग आहे आणि मग प्राणिसंग्रहालय. 1862 मध्ये ती लोकांसाठी उघडली तेव्हा ती वनस्पतिउद्यान होती, अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने देशोदेशीची झाडं आणून लावलेली. नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, लोकांनी केली राणीची बाग. पुढे 1873 मध्ये ती महापालिकेकडे आली, आणि प्राण्यांसाठी जागा वाढवली ती 1890 च्या सुमाराला. म्हणजे अठ्ठावीसेक वर्षं ही जागा मुख्यतः झाडांची होती. आजही तिथे तीन हजारांच्या वर झाडं आहेत आणि त्यातली काही मुंबईत दुसरीकडे बघायलाच मिळत नाहीत. लोक मात्र त्यांच्या सावलीत उभं राहून "पिंजरा रिकामा आहे" म्हणून हळहळतात आणि वर मान करून बघत नाहीत.

सगळ्यात आधी उर्वशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा आणि माळ्याला विचारा, उर्वशी कुठेय, माळी लोक फार हौसेने दाखवतात. मूळचं ब्रह्मदेशातलं झाड, इंग्रजांना ते 1820 च्या दशकात तिकडे सापडलं आणि गव्हर्नर जनरलच्या बायकोच्या, लेडी अ‍ॅमहर्स्टच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलं, अ‍ॅमहर्स्टिया नोबिलिस. आपलं उर्वशी हे नाव मला जास्त पटतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी झाडाला झुंबरं टांगलीत. लांब देठाला एकेक फूल लोंबतं, देठसुद्धा लाल, पाकळ्या शेंदरी-लाल आणि मोठ्या पाकळीच्या टोकाला हळदीचं बोट लावावं तसा पिवळा ठिपका. वास नाही फारसा, नुसतं रूप. आणि फुलं नसली तरी निराश होऊ नका, कोवळी पानं बघा. ती येतात तीच मुळी मरगळलेली, तांबूस-जांभळट, ओल्या रुमालासारखी खाली लोंबणारी, नातवाला वाटेल झाड वाळतंय. पाणी घालायला नको, काही दिवसांत ती हिरवी होतात आणि सरळ होतात. या झाडाला बी फार क्वचित धरतं त्यामुळे गुटी बांधून, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून, रोपं करावी लागतात आणि म्हणूनच ते इतकं दुर्मिळ आहे. एक फांदी कुणी मोडली तर किती नुकसान होतं ते यावरून कळेल.

दुसरं कैलासपती. हे नातवाला नक्की आवडणार कारण याची फुलं फांद्यांना नाही, थेट खोडाला येतात. खोडातून दोरखंडासारख्या वेड्यावाकड्या डहाळ्या फुटतात आणि त्यांना ही गुलाबी, मांसल, जाड पाकळ्यांची फुलं. खाली पडलेलं एखादं ताजं फूल हातात घ्या आणि आत बघा, मधे शिवलिंगासारखा गोल भाग आणि त्यावर नागाने फणा धरावा तसे वाकलेले केसर. वास तर इतका गोड की हात धुतला तरी थोडा राहतो. आपल्याकडे लोक याला शंकराचं झाड मानतात पण ते आलंय दक्षिण अमेरिकेतून, आपल्या माणसांनी फुलाचा आकार बघितला आणि आपलंसं करून टाकलं. फळं तोफगोळ्यासारखी, फुटबॉलपेक्षा जरा लहान, वजनदार, म्हणून खाली फार वेळ बसू नका. पिकलेलं फळ फुटलं की घाण वास येतो. एकाच झाडाचं फूल असं आणि फळ असं!

गोरखचिंच तुम्ही लांबूनच ओळखाल, खोड म्हणजे दगडी रांजण. हे आफ्रिकेचं. नातू, तुम्ही, आणि आजूबाजूला जे असतील त्यांना घेऊन हात धरून खोडाला कवेत घ्यायचा खेळ करा, किती माणसं लागतात मोजा. हे झाड जाड खोडात पाणी साठवतं, कारण त्याच्या देशात आठ-आठ महिने पाऊस नसतो. फुलं पांढरी, रात्री उमलणारी, वटवाघळं त्यांचं परागीभवन करतात. म्हणजे बाग बंद झाल्यावर तिथे आणखी एक प्राणिसंग्रहालय सुरू होतं, तिकीट नसलेलं.

कृष्णवड दिसला तर पान उलटून बघा, देठाजवळ पानाचा छोटा द्रोण झालेला असतो. कृष्णाने त्यात लोणी लपवलं म्हणतात. ही गोष्ट मुलांना एकदा सांगितली की झाड जन्मभर विसरत नाहीत, माझे विद्यार्थी आता चाळीशीचे झालेत आणि भेटले की अजून याचीच आठवण काढतात.

अजून एक, अशोक. आपल्या सोसायट्यांमधून जे सरळसोट उंच, खाली वाकलेल्या लांब पानांचं झाड असतं त्याला आपण अशोक म्हणतो, तो आसुपालव, खरा अशोक नाही. खरा तो सीताअशोक, बुटका, डेरेदार, वसंतात केशरी फुलांचे गुच्छ येतात आणि दोन-तीन दिवसांत ते लाल होतात. त्या फुलांना पाकळ्याच नसतात, आपण पाकळ्या समजतो ते निदल, म्हणजे कळीवरचं बाहेरचं आवरण. एकदा दोन्ही शेजारी शेजारी दाखवा नातवाला, शाळेत बाईंना तो सांगेल बघा.

एका फेरीत पाचच झाडं करा. वही न्या, पानाचा आकार काढू दे त्याला, पान तोडून नाही, खाली पडलेलं घेऊन. पुढच्या वर्षी आणखी पाच.

प्रश्न : आम्ही नाशिकचे. सुट्टीत मुंबईला बहिणीकडे आलो आणि बागेत गेलो. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने वाघासमोर उभं राहून विचारलं, "बाबा, याने काय चूक केली?" मला काही उत्तर सुचलं नाही. प्राण्यांना असं कोंडून ठेवणं बरोबर आहे का, आणि मुलांना तिथे न्यावं का? (एक बाबा, नाशिक)

दादा, तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. हा प्रश्न पडला नाही तर काळजी करायची, पडला ते चांगलंच झालं.

तिला खोटं सांगू नका. "तो इथे मजेत आहे" हे मी कधीच म्हणत नाही कारण वाघाचं मन आपल्याला वाचता येत नाही. मी मुलांना असं सांगायचे की याने काहीच चूक केली नाही, पण हा जंगलात जन्मलेला नाही, प्राणिसंग्रहालयातच जन्मलाय, याला शिकार करायला कुणी शिकवलेलं नाही. आज सोडलं तर उपाशी मरेल नाहीतर गावात शिरेल. म्हणून त्याची काळजी घ्यायचं काम आता माणसावर आहे आणि ते नीट होतंय का ते बघायचं काम तुझ्यामाझ्यावर आहे. सहा वर्षांच्या मुलाला हे कळतं.

आणि नीट होतंय का हे बघायच्या खुणा असतात. प्राणी एकाच रेषेत पुढे-मागे, पुढे-मागे तासन्‌तास येरझाऱ्या घालत असेल, मान तशीच हलवत असेल, तर त्याचं बरं चाललेलं नाही. त्याला लपायला जागा आहे का, सावली आहे का, पाण्याचा तलाव आहे का, पायाखाली माती आहे की नुसतं काँक्रीट. इथे मला स्पष्ट लिहायचंय, "पिंजऱ्यात प्राणी दिसलाच नाही" अशी तक्रार आपण सगळे करतो, पण ज्या पिंजऱ्यात प्राणी तुमच्या नजरेआड जाऊ शकतो तो पिंजरा चांगला. जुन्या राणीच्या बागेत लहान लहान गजांचे पिंजरे होते, प्राणी चोवीस तास दिसायचे, आणि ते बघून मी एकदा मुलांना घेऊन अर्ध्यातून परत आले होते. आता मोठी आवारं झालीत, झाडं-पाणी आहे, फरक दिसतो. देशात 1992 पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे, त्यांच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही, नियम बरेच कडक झालेत. पुरेसं आहे का? माझ्या मते अजून नाही. पण मुलांना न्या. ज्या मुलाने वाघाच्या डोळ्यांत जवळून बघितलंय त्याला ताडोबाच्या बातमीत रस वाटतो, हे मी वर्गात बघितलंय.

प्रश्न : हरणांच्या इथे एक कुटुंब कुंपणातून वेफर्स टाकत होतं, मी बोललो तर म्हणाले "खातोय ना तो, तुम्हाला काय?" वॉचमन लांब होता. अशा वेळी काय करायचं? (कॉलेजचा विद्यार्थी, कुर्ला)

बोललास ते बरोबर केलंस. हरीण हे गाईसारखं रवंथ करणारं जनावर, त्याच्या पोटात चारा आंबवून पचवणारे सूक्ष्मजीव असतात, पाव-वेफर्स-बिस्किटं असं पिठूळ खाणं जास्त गेलं की पोटात आम्ल वाढतं आणि जनावर आजारी पडतं. त्याहून वाईट म्हणजे पाकीट. मिठाचा वास असतो म्हणून ते पाकीटही चघळून गिळतं, आणि ते पोटातून बाहेर येत नाही. पोट भरल्यासारखं वाटतं, खाणं सुटतं, हळूहळू खंगतं. "खातोय ना तो" याला उत्तर हेच, की मूलसुद्धा साबण तोंडात घालतं, म्हणून आपण देतो का.

हा नुसता बागेचा नियम नाही, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 38-जे खाली प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला खायला घालणं, डिवचणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं, सगळं गुन्हा आहे. पण भांडायला जाऊ नकोस, तू एकटा असतोस. मी मुलांशी बोलते, आईबापांशी नाही. "अरे, त्याचं पोट दुखेल हां" एवढं लहान मुलाला सांगितलं की मूलच हात मागे घेतं आणि मोठ्यांना ओशाळायला होतं. नाहीच ऐकलं तर सरळ जाऊन कर्मचाऱ्याला बोलवून आण, वेळ गेला तरी चालेल.

प्रश्न : लहानपणी गिरगावातून वडिलांबरोबर ट्रामने बागेत जायचो. हत्तीवर बसून फेरी मारली होती ते अजून आठवतं. आता वय 79, बोरिवलीला मुलाकडे असतो. नातसून म्हणते आता तिथे काही जुनं राहिलं नाही. खरंय का? एकदा जावंसं वाटतं. (एक वाचक, बोरिवली)

काका, जाच. हत्तीची फेरी आता नाही, ती बंद झालीय, आणि 2009 मध्ये प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवायचेच नाहीत असं ठरवलं, इतक्या मोठ्या चालत्याफिरत्या जनावराला तिथली जागा पुरत नाही म्हणून. तुमची आठवण गोडच आहे, तिला त्याने काही होत नाही.

पण जुनं पुष्कळ आहे. 1865 चा डेव्हिड ससून क्लॉक टॉवर आहे. म्युझियमबाहेर एक दगडी हत्ती आहे, लहानपणी तुम्ही बहुतेक त्याच्याजवळून पळत गेला असाल. हा तोच हत्ती ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले, पुढे 1914 मध्ये जोडून इथे उभा केला. जवळ जाऊन बघा, जोडलेल्या भेगा दिसतात. मला दरवेळी त्या भेगांवरून हात फिरवावासा वाटतो, फिरवत नाही.

आणि काळा घोडा! फोर्टातल्या ज्या चौकाला आपण काळा घोडा म्हणतो तिथला मूळ पुतळा, घोड्यावर बसलेला राजा सातवा एडवर्ड, 1965 मध्ये तिथून हलवला आणि आणून ठेवला तो इथेच. तुम्ही तो त्याच्या मूळ जागीही बघितला असेल, आता नातसुनेला इथे दाखवा. म्युझियम 1872 चं, पूर्वीचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, 1975 मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं. आत मुंबईची मातीची मॉडेल्स, जुने नकाशे, वेगवेगळ्या पेशांच्या माणसांच्या छोट्या बाहुल्या, तुमच्या लहानपणीची पगड्या-धोतरं नेसलेली मुंबई कपाटात उभी आहे. तेही बुधवारी बंद असतं. बोरिवलीहून दादरला गाडी बदलावी लागते, जिने चढावे लागतात, मुलाला सांगा टॅक्सीने न्या, डिसेंबर-जानेवारीत, सकाळी. सगळी बाग फिरू नका, म्युझियम, हत्ती, घोडा आणि एखाद्या मोठ्या झाडाखालचा बाक.

प्रश्न : सगळं मुंबईचंच चाललंय! आम्ही पुणेकरांनी काय करायचं? (एक वाचक, सिंहगड रोड)

कात्रज करा की. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, 130 एकर, मधे तलाव, 1999 मध्ये सुरू झालं, सारसबागेजवळच्या पेशवे पार्कातले प्राणी तिकडे हलवले. राणीच्या बागेपेक्षा कितीतरी ऐसपैस आहे, चालणं होत नसेल तर बॅटरीच्या गाड्या आहेत, सर्पोद्यानही त्यातच. तेही बुधवारी बंद. झाडांसाठी मात्र एम्प्रेस गार्डन. ती चालवणारी संस्था कोण, तर तीच अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी जिने राणीची बाग लावली! तिथली गारंबीची वेल बघाच, वेल म्हणायला जीभ धजत नाही, माणसाच्या मांडीएवढी जाड, या झाडावरून त्या झाडावर अजगरासारखी गेलेली. पावसाळ्यानंतर जा.

प्रश्न : मी चौथीत आहे. पेंग्विनला मुंबईत गरम होत नाही का? आणि तो बर्फ कुठून आणतात? (दादर)

बाळा, फार छान प्रश्न. आपल्याकडचे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत आणि गंमत म्हणजे त्यांना बर्फ लागतच नाही. ते दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली या देशांच्या खडकाळ किनाऱ्यावर राहतात, तिथे समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह आहे पण किनाऱ्यावर बर्फ नसतो. नकाशात शोध. तरीपण मुंबईचा उकाडा त्यांना सोसणार नाही, म्हणून त्यांच्या खोलीत एसी असतो, साधारण 16 ते 18 डिग्री, आणि पाणीही गार करतात. 2016 मध्ये दक्षिण कोरियाहून आठ पेंग्विन आणले होते, त्यातला एक लवकरच वारला, बाकीचे रुळले. 2018 मध्ये 15 ऑगस्टला पहिलं पिल्लू झालं, ते आठवडाभरच जगलं, सगळ्यांना फार वाईट वाटलं होतं. नंतर मात्र बरीच पिल्लं जगली, मोठी झाली.

आता जाशील तेव्हा एक काम कर. सगळे त्यांना चालताना बघतात, तू पाण्यातले बघ, काचेला अगदी खाली, बसून. पंखांनी ते पाण्यात उडतात. आणि छातीवर काळ्या पट्ट्याच्या खाली बारीक काळे ठिपके असतात, प्रत्येकाचे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. एकाचे ठिपके नीट बघून कागदावर काढ, मग गर्दीत तोच पुन्हा सापडतो का बघ. मला दोन वेळा सापडला होता. तुला किती वेळा सापडला ते लिहून कळव, चित्र पण पाठव.